लॅपटॉपच्या मायक्रोफोनमधून आवाज अगदी क्षीण जातो. दोष नेमका कोठे शोधावा?

मंद्र (प्रश्न)

नमस्कार. मी मिरजेत राहते आणि काही वर्षांपासून शास्त्रीय गायनाचे वर्ग ऑनलाइन घेते. विद्यार्थिनी पुण्यात, नाशिकमध्ये आणि दोघी न्यू जर्सीत आहेत. लॅपटॉप तीन वर्षांचा असून त्यावर विंडोज ११ आहे. दसऱ्यापासून दिवाळी संपेपर्यंत वर्गांना सुट्टी होती. त्या सुट्टीत लॅपटॉप फार मंद चालतो म्हणून मी तो गावातल्या एका तंत्रज्ञाकडून फॉरमॅट करून घेतला, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्याच वर्गापासून तक्रारी सुरू झाल्या. एक विद्यार्थिनी म्हणाली, "ताई, तुम्ही शेजारच्या खोलीत बसून गाताय असं वाटतं."

मी जे पाहिले ते लिहिते. साउंडच्या सेटिंगमध्ये इनपुटची पट्टी १०० वर आहे, म्हणजे त्याहून वर नेण्यास जागाच नाही. मात्र वर्ग संपल्यावर पुन्हा पाहिले की ती आपोआप ५५ किंवा ६० वर आलेली असते. बोललेले मुलींना हळू का होईना, पण कळते. मी षड्ज लावून धरला की सुरुवात ऐकू येते आणि मग स्वर विरत जातो. मागे तानपुरा चालू असतो, तो तर कोणालाच ऐकू येत नाही. सुट्टीपूर्वीही तो फारसा ऐकू येत नसे, पण तेव्हा माझा आवाज तरी नीट जाई. त्याच बैठकीत फोनवर रेकॉर्ड केले तर सारे स्वच्छ उमटते, त्यामुळे खोलीत किंवा गळ्यात दोष नाही एवढी खात्री आहे.

दोन उपाय करून पाहिले. ब्लूटूथचे इअरफोन लावले तेव्हा आवाज मोठा झाला, पण तो जुन्या ट्रंक कॉलसारखा दबका आणि अरुंद झाला. गाणे शिकवण्यास अजिबात उपयोगाचा नाही. घरी मैफलीसाठी घेतलेला हातात धरायचा माइक आहे, तो बारीक पिनेच्या केबलने लॅपटॉपला जोडला, तर त्याच्यावर टिचकी मारूनही पट्टी हलली नाही. माइकचा आवाज आणखी वाढवणारी 'मायक्रोफोन बूस्ट' नावाची सोय असते असे वाचले, परंतु माझ्या लॅपटॉपवर ती कोठेच सापडत नाही. फॉरमॅट करताना ती काढली गेली असेल का? बाहेरचा माइक घ्यावा की लॅपटॉपच बदलावा, हे ठरवण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

तारतम्य

नमस्कार ताई. मी एका महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा सांभाळतो आणि ऑनलाइन तासांच्या काळापासून ही तक्रार दर आठवड्याला ऐकत आलो आहे. लॅपटॉप बदलण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा.

पट्टी १०० वर आहे, या गोष्टीवर आपण फार विसंबलेल्या दिसता. तो आकडा आवाज किती आत आला हे सांगत नाही. आत आलेल्या आवाजाला विंडोज किती वाट मोकळी ठेवते, एवढेच सांगतो. नळ पूर्ण सोडला तरी टाकीत पाणी नसेल तर बादली भरत नाही. आवाज आधी स्क्रीनच्या चौकटीवरच्या बारीक छिद्रातून माइकपर्यंत जातो, तेथून ड्रायव्हर (माइकला विंडोजशी बोलते करणारा छोटा प्रोग्रॅम) आणि विंडोजमधून पुढे सरकतो आणि शेवटी मीटिंगच्या अॅपच्या हाती लागतो. यांतल्या प्रत्येक मुक्कामावर तो घटू शकतो, आणि आपण दिलेली लक्षणे वाचून मला शंका येते की आपल्याकडे एकाहून अधिक ठिकाणी गळती आहे. म्हणून आधी अॅपला चित्रातून पूर्णपणे बाहेर काढावे. मीटिंगचे अॅप आणि ब्राउझर दोन्ही बंद करावेत, नुसते खाली दडवून ठेवू नयेत.

त्यानंतर सेटिंग्जमध्ये सिस्टम, मग साउंड, मग इनपुटखाली दिसणाऱ्या माइकच्या नावावर क्लिक करावे. तेथे 'स्टार्ट टेस्ट' असे बटण आहे. ते दाबून दहा सेकंद बोलावे आणि चाचणी थांबवावी; एकूण पातळीच्या किती टक्के आवाज पोचला तो आकडा दिसतो. ही चाचणी दोनदा करावी, एकदा स्क्रीनपासून वीतभर अंतरावरून आणि एकदा आपण गायला बसता त्याच जागेवरून, त्याच आवाजात. आपण लिहिले नाही, पण माझा अंदाज असा आहे की आपण सतरंजीवर बसत असाल आणि पूर्ण बैठक दिसावी म्हणून लॅपटॉप चांगला चार-पाच फुटांवर असेल. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते, चौपट झाले की १२ डेसिबलने. म्हणजे एका फुटावरून चार फुटांवर गेल्यास माइकवर पडणारा दाब जवळजवळ चौथाई उरतो. खोलीच्या भिंतींमुळे हा हिशेब थोडा सौम्य होतो, तरीही फरक मोठाच राहतो.

याच वेळी आणखी एक लहानसा प्रयोग करावा. बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना टाचणीच्या टोकाएवढी दोन छिद्रे असतात आणि प्रत्येकामागे एक माइक असतो. काहींत ती कीबोर्डच्या वर असतात. इनपुटची हलणारी पट्टी समोर ठेवून एका छिद्राशेजारी नखाने अगदी हळू खरवडावे, मग दुसऱ्याशेजारी. जेथे माइक जिवंत आहे तेथे पट्टी उसळी घेते. त्यानंतर बोलत असताना एकेक छिद्र बोटाने झाकून पाहावे.

आता बूस्टविषयी. ती जागा नव्या सेटिंगमध्ये नसून जुन्या खिडकीत आहे. विंडोज आणि आर या कळा एकत्र दाबाव्यात आणि उघडलेल्या चौकटीत रोमन लिपीत एम, एम, एस, वाय, एस, टिंब, सी, पी, एल ही अक्षरे मध्ये जागा न सोडता टाइप करावीत. रेकॉर्डिंगच्या पानावर माइक निवडून प्रॉपर्टीज आणि लेव्हल्स उघडले की, सोय असल्यास, नेहमीच्या पट्टीखाली बूस्टची दुसरी पट्टी दिसते. ती साधारणपणे १० डेसिबलच्या पायऱ्यांनी ३० पर्यंत चढते. २० डेसिबल म्हणजे दहापट आणि ३० म्हणजे सुमारे एकतीसपट, त्यामुळे आवाजाबरोबर पंख्याची घरघरही तितकीच वाढते. शेवटची पायरी टाळलेली बरी.

मात्र ही पट्टी दिसत नसेल तर तंत्रज्ञाला दोष देण्याची घाई करू नये. माइकचे नाव 'मायक्रोफोन अॅरे' असे असून कंसात इंटेल स्मार्ट साउंड असे लिहिलेले असेल, तर तो डिजिटल माइकांचा संच आहे आणि त्याला बूस्टची पट्टी बहुधा नसतेच. उलट तेथे नुसते 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' असे दिसले, तर फॉरमॅटनंतर विंडोजने स्वतःचा सर्वसाधारण ड्रायव्हर बसवला आहे असे समजावे. मग लॅपटॉपच्या तळाशी छापलेल्या मॉडेल क्रमांकावरून निर्मात्याच्या साहाय्य पानावर जाऊन तेथला ऑडिओ ड्रायव्हर घ्यावा. त्या विशिष्ट यंत्रातील माइकांची जुळणी त्या ड्रायव्हरमध्ये असते. ड्रायव्हर शोधून देणारी भलतीसलती अॅपे मात्र उतरवू नयेत.

जाता जाता, इंटरनेटवर सर्वत्र सांगितला जाणारा एक उपाय आहे: कम्युनिकेशन्सच्या पानावर जाऊन 'डू नथिंग' निवडावे. त्याचा आपल्या तक्रारीशी काहीही संबंध नाही. कॉल चालू असताना इतर ध्वनी किती कमी करायचे एवढेच त्यावरून ठरते, माइकला ते स्पर्शही करत नाही. प्रायव्हसीमधील परवानगीचेही तसेच. ती असते किंवा नसते, तिच्यामुळे आवाज अर्धवट होत नाही.

मंद्र

इतके सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे सारे करून पाहिले.

बैठकीचा अंदाज अचूक आहे. मी सतरंजीवर बसते आणि लॅपटॉप समोरच्या स्टुलावर असतो. टेप लावून मोजले तर तोंडापासून स्क्रीनपर्यंत साडेचार फूट भरले. चाचणीत वीतभर अंतरावरून ४१ टक्के आले आणि बसल्या जागेवरून केवळ ९. माइकचे नाव 'मायक्रोफोन अॅरे' आहे आणि पुढे इंटेलचे तेच नाव आहे, म्हणजे बूस्ट नाही हे रास्तच म्हणायचे.

खरा धक्का नखाच्या प्रयोगाने दिला. उजव्या छिद्राशेजारी खरवडले की पट्टी टोकापर्यंत जाते आणि डावीकडे ती जेमतेम थरथरते. डावे छिद्र बोटाने झाकले तरी काहीच फरक पडत नाही, उजवे झाकले की आवाज जवळजवळ नाहीसा होतो. याचा अर्थ डावा माइक मेला आहे का? तो बदलून मिळतो का?

पेचकस

ताई, माझे लॅपटॉप दुरुस्तीचे दुकान आहे, म्हणून वरच्या चर्चेत एवढीच भर घालतो. माइक मेला आहे असे लगेच म्हणू नका. आपण पहिल्याच वाक्यांत दसऱ्याचा उल्लेख केलात, म्हणून विचारतो: खंडेनवमीला किंवा दसऱ्याला लॅपटॉपची पूजा केली होती का, आणि हळदीकुंकू कोठे लावले होते?

हा प्रश्न थट्टेचा नाही. दसऱ्यानंतरच्या पंधरवड्यात माझ्याकडे असे दोन-चार लॅपटॉप हमखास येतात. लोक भक्तिभावाने, ओल्या बोटाने, स्क्रीनच्या वरच्या चौकटीवर बरोबर मधोमध कुंकू लावतात आणि नेमकी तेथेच कॅमेरा आणि माइकची छिद्रे असतात. ओले कुंकू छिद्रात उतरते आणि वाळले की बूच बसल्यासारखे घट्ट होते. कुंकू नसेल तर कॅमेऱ्यावर चिकटवायचे सरकते झाकण पाहा. ते आडवे रुंद असले तर एक छिद्र त्याच्या गोंदाखाली जाते आणि वर्षभर कोणाच्या लक्षात येत नाही.

बॅटरी टॉर्च तिरपी धरून भिंगातून डावे छिद्र पाहा. काही दिसले तर टाचणी, सुई किंवा सेफ्टी पिन मुळीच घालू नका. आतील माइकचा पडदा केसाहून पातळ असतो. पिन आत गेली की आज जो माइक झोपलेला आहे तो खरोखरच मरतो. हवेचा फवाराही थेट छिद्रावर मारू नका, त्या दाबाने पडदा फाटतो. पाणी, स्पिरिट, नेलपॉलिश रिमूव्हर यांपैकी काहीही छिद्रावर लावायचे नाही. स्क्रीन पुढे इतकी झुकवा की छिद्राचे तोंड जमिनीकडे होईल, म्हणजे सुटलेली भुकटी आत न जाता खाली पडेल. मग मऊ, कोरडा, न वापरलेला रंगाचा ब्रश घेऊन बाहेरून हलक्या हाताने झाडा. निघेल तेवढे निघेल. उरलेल्यासाठी चौकट उघडावी लागते, कारण छिद्र आणि माइक यांच्यामध्ये रबराची किंवा जाळीची बारीक गादी असते आणि पुष्कळदा कुंकू तीच पिते. ते काम घरी करू नये. स्क्रीनची कड उचकताना काच गेली तर माइकपेक्षा कितीतरी महाग पडते.

पुढच्या वर्षी कुंकू झाकणाच्या पाठीवर लावावे. पूजा तितकीच पोचते.

खर्ज

मी ध्वनिमुद्रणाचे काम करतो. वरच्या दोघांनी यंत्राची बाजू नीट सांगितली आहे, पण आपल्या मूळ प्रश्नातील एक गोष्ट त्यांच्या हातून निसटली आणि गाणाऱ्या माणसासाठी तीच सर्वांत महत्त्वाची आहे: स्वर लावून धरला की तो विरतो आणि तानपुरा अजिबात जात नाही. हे छिद्र बुजल्यामुळे होत नाही. छिद्र बुजले असते तर सारेच सारख्या प्रमाणात लहान झाले असते. शिवाय तानपुऱ्याची तक्रार सुट्टीपूर्वीचीही आहे, असे आपणच लिहिले आहे.

मीटिंगच्या अॅपांत गोंगाट गाळण्याची सोय असते आणि ती बहुधा आधीपासूनच चालू असते. ती बोलण्यासाठी बनवलेली आहे. बोलण्यात आवाज सतत चढतो-उतरतो, शब्दांमध्ये फटी पडतात, व्यंजने आदळतात. पंखा, वातानुकूलन यंत्र आणि मिक्सर मात्र एकाच पातळीवर सलग घुमत राहतात. म्हणून जे एकसारखे टिकते ते नको असलेले, असा त्या गाळणीचा ढोबळ न्याय असतो. आता तानपुऱ्याचे कामच मुळी एकसारखे टिकणे हे आहे. मिरजेचा सुरेख जवारी काढलेला (तारांचा गुंजारव खुलवलेला) तानपुरा आणि छताचा पंखा यांत त्या गाळणीला फारसा भेद कळत नाही. आपण न हलवता, न थरथरवता लावलेला षड्जही दोन-तीन सेकंदांनंतर तिला पंख्यासारखाच वाटू लागतो. गळा जितका स्थिर तितका तो अधिक कापला जातो, ही यातली खरी चीड आणणारी गोष्ट.

दुसरी बाब पट्टी १०० वरून ५५ वर येण्याची. ती अॅप हलवते. माइकची पातळी आपोआप जुळवण्याची सोय चालू असली की तार सप्तकात एखादी जोरकस तान आली रे आली, अॅप पट्टी खाली ओढते. नंतर आपण खर्जात आलाप सुरू केला तरी ती सावकाश वर येते किंवा येतच नाही. बोलणाऱ्याला हे सोयीचे पडते. गायनात मात्र लहान-मोठ्या आवाजाचा सारा खेळ त्यामुळे सपाट होतो.

झूम वापरत असाल तर सेटिंगमधील ऑडिओच्या पानावर माइकची पातळी आपोआप जुळवण्याची चौकट रिकामी करावी आणि 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' हा पर्याय चालू करावा. त्याखालील उच्च दर्जाच्या संगीताची चौकटही भरावी. पुष्कळांची चूक येथेच होते: एवढे केल्यावर काम संपत नाही. मीटिंग सुरू झाल्यावर स्क्रीनच्या वरच्या भागात याच नावाचे बटण दिसते आणि ते चालू आहे ना, हे प्रत्येक वर्गाच्या आरंभी पाहावे लागते. टीम्समध्ये गोंगाट कमी करण्याची सोय बंद करता येते आणि संगीतासाठी वेगळा पर्यायही आहे. मीटमध्ये ध्वनीच्या सेटिंगमधून गाळणी बंद करता येते. विद्यार्थिनी गाऊन दाखवतात तेव्हा त्यांच्या बाजूलाही हेच करणे भाग आहे, नाहीतर त्यांचा षड्ज आपल्याकडे तुटकच येईल आणि विनाकारण त्यांचा दमसास कमी आहे असे आपल्याला वाटेल. याच पानावर प्रतिध्वनी दाबण्याची सोय बंद केलीत, तर आपण हेडफोन लावलाच पाहिजे. अन्यथा मुलींचा आवाज आपल्या स्पीकरमधून निघून आपल्याच माइकमधून त्यांच्याकडे परत जाईल.

हातातल्या माइकचे कोडे सोपे आहे. केबलच्या बारीक पिनेवर काळी वर्तुळे किती आहेत ते मोजावे. दोन असतील तर त्या पिनेला तीनच जोड आहेत आणि लॅपटॉप तिला नुसता हेडफोन समजतो. माइकसाठी तीन वर्तुळांची, म्हणजे चार जोडांची पिन लागते, कारण हल्लीच्या लॅपटॉपवर हेडफोन आणि माइक दोघांना मिळून एकच भोक असते. माइक आणि हेडफोन वेगळे करणारी वाय आकाराची केबल शंभर-दोनशे रुपयांत मिळते. मात्र ती लावूनही आपला आवाज क्षीणच राहील. हातात धरायचे माइक बहुधा डायनॅमिक जातीचे, म्हणजे चुंबक आणि तारेच्या गुंडाळीवर चालणारे असतात. १९६६ पासून जगभरच्या रंगमंचांवर दिसणारा शुअरचा एसएम ५८ घ्या: १ पास्कल दाबाला, म्हणजे ९४ डेसिबलच्या खणखणीत आवाजाला, तो जेमतेम १.८५ मिलिव्होल्ट देतो. लॅपटॉपचे भोक हेडसेटमधील इलेक्ट्रेट माइकसाठी आखलेले असते आणि तो माइक याच्या कितीतरी पट अधिक देतो. डायनॅमिक माइकला ५० ते ६० डेसिबलची वाढ देणारा प्रीअॅम्प (क्षीण आवाज आधीच मोठा करणारे मंडल) लागतो आणि तो लॅपटॉपमध्ये नसतो. हा माइक वापरायचाच असेल तर मध्ये यूएसबीवर चालणारा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज वाढवून संगणकाला देणारी छोटी पेटी हवी. नवीनच काही घ्यायचे असेल तर साधा यूएसबी माइक पुरे, त्यात हे सारे आतच असते.

ब्लूटूथ इअरफोनचा दबकेपणा त्यांच्या घडणीतच आहे. त्यांचा माइक चालू झाला की ते बोलण्याच्या पद्धतीवर जातात. जुन्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात आणि सुधारित पद्धतीत १६,०००. म्हणजे अनुक्रमे ४,००० आणि ८,००० हर्ट्झच्या वरचे सारे गळून पडते. ट्रंक कॉलची उपमा आपण नकळत अगदी मापून दिली आहे.

माइक कोणताही असो, तो तोंडापासून हातभर अंतरावर आणि किंचित बाजूला ठेवावा, म्हणजे श्वासाचे धपके बसत नाहीत. एखाद्या रेकॉर्डिंगच्या अॅपमध्ये सर्वांत जोरकस तान गाऊन पाहावी. टोक उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहिले तर पातळी योग्य आहे. शून्याला टेकले की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर कोणालाही शिवता येत नाही.

एकतारी

विषय विंडोजचा आहे, तरी लिनक्स वापरणारा कोणी येथे पोचल्यास त्याच्यासाठी दोन ओळी लिहितो. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) अल्सामिक्सर हा आवाजाच्या पातळ्या जुळवणारा प्रोग्रॅम उघडून एफ ६ ने खरे साउंड कार्ड निवडावे आणि एफ ४ ने रेकॉर्डिंगच्या पट्ट्या पाहाव्यात. 'इंटर्नल माइक बूस्ट' पुष्कळदा तेथे शून्यावर पडलेला असतो. काही लॅपटॉपांवर आणखी एक चमत्कार आढळतो: माइकच्या डाव्या आणि उजव्या वाहिन्यांतील लहरी एकमेकींच्या उलट असतात, एकीचा चढ तेथे दुसरीचा उतार. वेगवेगळ्या ऐकल्या तर दोन्हींत आवाज ठणठणीत असतो, पण मीटिंगचे अॅप त्यांची बेरीज करून एकच वाहिनी बनवते आणि त्या बेरजेत आवाज जवळजवळ शून्य होतो. रेकॉर्डिंग ऐकताना चांगले आणि मीटिंगमध्ये काहीच नाही, असे दिसले तर हा संशय घ्यावा. अल्सामिक्सरमध्ये ई आणि सी या कळांनी उजवी वाहिनी वेगळी वर-खाली करता येते. ती शून्यावर आणली की प्रश्न सुटतो.

मंद्र

सर्वांना उत्तर देण्यास आठवडा लागला, कारण प्रत्येक गोष्ट एकेक करून पाहायची असे ठरवले होते.

पेचकस यांना साष्टांग नमस्कार. भिंग आणि टॉर्च घेऊन पाहिले तर डाव्या छिद्राच्या कडेला लाल रेघ स्पष्ट दिसली. दसऱ्याला मीच तानपुरा, पेटी आणि लॅपटॉप यांची एका रांगेत पूजा केली होती आणि लॅपटॉपला कुंकू लावताना मधोमध कॅमेऱ्यावर नको म्हणून मुद्दाम थोडे डावीकडे लावले होते. इतकी काळजी घेऊन नेमके छिद्र गाठले. ब्रशने झाडल्यावर पांढऱ्या कागदावर लाल कण पडले. त्यानंतर नखाच्या प्रयोगात डावीकडची पट्टी अर्ध्यापर्यंत जाऊ लागली. उजवीइतकी नाही, म्हणजे आतल्या गादीने तिचा वाटा ठेवून घेतला असावा. चौकट उघडण्याचा विचार सोडून दिला आहे. तंत्रज्ञाला मी फोनवर बरेच काही ऐकवले होते, त्याच्या दुकानात जाऊन क्षमा मागून आले. त्याने चहा पाजला आणि ड्रायव्हर त्याने निर्मात्याच्या पानावरूनच घेतला होता हेही दाखवले.

बसल्या जागेवरून चाचणीत ९ ऐवजी १६ टक्के आले. मग स्टूल जवळ ओढून अंतर दोन फुटांवर आणले, तेव्हा आकडा ३४ झाला. आता बैठक पूर्ण दिसत नाही आणि तानपुऱ्याचा भोपळा चौकटीबाहेर जातो, पण मुलींना माझा हात दिसतो, तेवढे पुरे. हातातल्या माइकच्या पिनेवर खरोखर दोनच वर्तुळे निघाली. त्याला आता मैफलीपुरताच ठेवला आहे आणि दिवाळीत खर्च बराच झाला असल्याने यूएसबी माइकची खरेदी पुढच्या महिन्यावर ढकलली आहे.

सर्वांत मोठा फरक मात्र खर्ज यांच्या सांगण्याने पडला. आपोआप पातळी जुळवणे बंद केले, संगीताचा पर्याय चालू केला आणि वर्गाच्या सुरुवातीला बटण तपासले. नाशिकच्या मुलीने पहिल्यांदाच विचारले, "ताई, मागे तानपुरा वाजतोय का?" तो दोन वर्षे वाजत होता. पट्टी वर्ग संपेपर्यंत जेथे ठेवली होती तेथेच राहिली.

एक अडचण नवीन उभी राहिली आहे आणि तिचे उत्तर मला ठाऊक आहे, तरीही नोंदवते. गाळणी बंद झाल्याने आता सारेच जाते. काल यमनमधील गंधार समजावत असताना शेजारच्या कुकरने तीन शिट्ट्या दिल्या, आणि पाठोपाठ गल्लीतून भाजीवाल्या मावशींची हाळी आली. न्यू जर्सीतली विद्यार्थिनी गाणे थांबवून म्हणाली की मावशींची मेथी कितीला जुडी आहे तेवढे विचारून सांगा.